मधलं नाव कोणाचं? भादलीची एक जागा आणि आपल्या खान्देशातल्या बायका

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. एका बैठकीत होणार नसेल तर अर्धी सकाळी चहाबरोबर वाचा, अर्धी रात्री जेवणं झाल्यावर. विषय महिला राखीव जागेचा आहे, म्हणजे आपल्या पारावरच्या रोजच्या बोलण्यातलाच.

आरक्षणाची सोडत निघाली, चिठ्ठी महिलेची निघाली, की गावात पहिला प्रश्न काय येतो ते आठवा. "आता कोणाच्या घरची उभी करायची?" कोणती बाई उभी राहणार असं कोणी विचारत नाही. कोणाच्या घरची, असं विचारतात. मग बॅनर छापला जातो. त्यावर डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचा फोटो, आणि शेजारी नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा फोटो तिच्या दुप्पट मोठा. निवडून आली की आपल्या अहिराणीत एका ओळीत निकाल लागतो: "ती नावले सरपंच शे, कारभार तिना नवरा करस."

जानेवारी 2021 मध्ये जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुक गावात महिला राखीव जागेवर अशी एक उमेदवार उभी राहिली, जिच्या नावात मधे ना वडील होते ना नवरा. कोर्टाच्या कागदावर त्यांचं नाव आहे अंजली गुरू संजना जान. बातम्यांतून आपल्याला माहीत झालं ते नाव अंजली पाटील. त्या तृतीयपंथी आहेत. त्यांचा अर्ज नाकारला गेला, त्या हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, कोर्टाने त्यांना महिला म्हणून लढू दिलं आणि गावाने निवडून दिलं.

ही बातमी तेव्हा आपण सगळ्यांनी वाचली. दोन दिवस कौतुक केलं, फोटो फॉरवर्ड केला आणि विसरलो. "तृतीयपंथीही निवडून येऊ शकतात" एवढाच तिचा अर्थ काढला गेला. मला मात्र ती बातमी आपल्या खान्देशातल्या सगळ्याच बायकांच्या राजकारणाची वाटते. ते कसं, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आपलं सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव. ज्यांच्या घरात जुने हंडे, घागरी, परात असेल त्यांनी आज माळ्यावरून उतरवून त्यावर टाकलेलं नाव वाचावं. भांडं बाईच्या संसाराला दिलेलं, नाव मात्र ज्याने दिलं त्याचं, मामाचं, काकाचं, वडिलांचं. बाईचं असलंच तर पुढे 'सौ.' आणि मधे नवरा. मतदार यादीतही तीच रीत: मतदाराचं नाव, आणि त्याखाली पतीचं किंवा वडिलांचं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा माझं नाव माहेरच्या यादीतून निघालं आणि इथल्या यादीत चढलं. या येण्याजाण्यात माझ्या नावातला पहिला शब्द तेवढा तसाच राहिला. तक्रार नाही, आपल्याकडे बहुतेकींचं असंच होतं. पण राजकारणात बाईचं मधलं नाव नुसता रिवाज नसतो. ते भांडवल असतं. त्यावर तिकीट मिळतं, पॅनल बनतं, आणि निवडून आल्यावर सही कोणाच्या सांगण्यावरून करायची तेही ठरतं.

असं नेहमीच होतं असंही नाही. 1962 ची विधानसभा घ्या. जळगावातून काँग्रेसच्या ज्या उमेदवार निवडून आल्या त्यांचं वय 27 होतं आणि लग्न व्हायचं होतं. बोदवडजवळच्या नाडगावला जन्म, जळगावच्या एम. जे. कॉलेजात शिक्षण, नंतर जळगावच्याच कोर्टात वकिली. प्रतिभा पाटील. लग्न झालं ते 1965 साली, आमदार होऊन तीन वर्षं झाल्यावर. 1967 पासून त्या एदलाबादहून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरहून, लागोपाठ निवडून येत राहिल्या. अविवाहित मुलीला आमदार करणारा तो खान्देश 60 वर्षांपूर्वीचा होता. आज एखाद्या पक्षाने 27 वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलीला तिकीट दिलं, तर पहिली चर्चा कशावर होईल ते मला सांगायला लावू नका.

25 जुलै 2007 ला त्या राष्ट्रपती झाल्या. नावात मधे देवीसिंह आले, आडनाव मात्र माहेरचं पाटील हेच देशाला माहीत झालं. तेव्हाची एक गंमत आठवत असेल. 'राष्ट्रपती' या शब्दातला 'पती' बाईला कसा लावायचा, दुसरा काही शब्द काढायचा का, यावर महिनाभर वाद रंगले होते. पुढे काय झालं? काहीच नाही. शब्द तोच राहिला, त्या राष्ट्रपती म्हणून पाच वर्षं राहिल्या आणि भाषेला काही झालं नाही. लोकांना वाटतं त्यापेक्षा भाषा जास्त पचवते.

अजून मागे गेलं तर लीलाताई पाटील. इथून दोंडाईचाकडे जाताना चिमठाणे लागतं. तिथे 1944 च्या एप्रिलमध्ये क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. त्यात डॉ. उत्तमराव पाटलांचं नाव येतं, आणि त्यांच्या मागोमाग लीलाताईंचं. 1942 च्या अमळनेरच्या आंदोलनात त्या स्वतः पुढे होत्या, तुरुंगवास भोगला. तरी त्यांची ओळख करून देताना आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'उत्तमरावांच्या पत्नी'. कोणी मुद्दाम करत नाही. सवय आहे.

राखीव जागांचा कायदा आला तो नंतर, आणि तो वरून पडला असं जे सांगतात ते अर्धं खरं आहे. आपल्याच आग्रा रोडने नाशिककडे निघालं की चांदवड लागतं. तिथे नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. बायका एवढ्या मोठ्या संख्येने आल्या की संघटनेच्या पुरुषांनाही नवल वाटलं. तिथून पुढे आलेली एक मागणी अशी होती की जिल्हा परिषद आणि पंचायतीच्या सगळ्या जागा बायकांनी लढवाव्यात. 30 टक्के नाही, 50 टक्के नाही, सगळ्या. त्यातून समग्र महिला आघाडी उभी राहिली. 1989 साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात बायकांचं अख्खं पॅनल ग्रामपंचायतीवर आलं. तेव्हा राज्यात 30 टक्क्यांचं आरक्षणसुद्धा आलेलं नव्हतं. पुढे याच गावात लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. सातबाऱ्यावर बाईचं नाव चढलं. मला विचाराल तर ग्रामपंचायतीपेक्षा ही गोष्ट मोठी. पंचायतीची मुदत पाच वर्षांत संपते, सातबारा राहतो.

नंतरचा कायद्याचा भाग सगळ्यांना माहीत आहे, पटकन सांगते. 1990 ला महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत बायकांना 30 टक्के जागा, 1993 ला 73 वी घटनादुरुस्ती लागू होऊन किमान एक तृतीयांश, 2011 ला राज्यात निम्म्या. आणि आज? 2024 च्या लोकसभेत महाराष्ट्रातून सात बायका निवडून गेल्या. त्यातल्या तीन खान्देशातल्या मतदारसंघांतून: जळगावहून स्मिता वाघ, रावेरहून रक्षा खडसे आणि आपल्या धुळ्यातून शोभा बच्छाव. 48 मतदारसंघांच्या राज्यात सातपैकी तीन, ही साधी गोष्ट नाही. पक्ष वेगवेगळे आहेत, मी कोणाचा प्रचार करत नाही. पण पुण्यामुंबईचे लोक आपल्याला मागास म्हणतात तेव्हा हा आकडा त्यांच्या पुढ्यात ठेवायला हरकत नाही.

तर हा मागचा धागा. बाई उभी राहते, आणि तिच्याबद्दलचा पहिला प्रश्न असतो 'कोणाची?'. मुलगी, बायको, सून, विधवा. आता भादलीकडे जाऊ.

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की मधे भादली स्टेशन लागतं. खाणाऱ्यांना भादली माहीत आहे ती भरीताच्या वांग्यांसाठी. आपल्याकडची वांगी काट्याची आणि लहान; तिकडची हिरवी, लांबट, भाजल्यावर लोण्यासारखी. बोली आपली अहिराणी नाही, लेवा गणबोली. सांगायचं कारण, आपण 'खान्देश' एका शब्दात म्हणतो पण आतमध्ये भाषा, जाती, खाणं सगळं वेगळं आहे, आणि तरी एकमेकांच्या लग्नाला जातो.

याच रेल्वेच्या पट्ट्यात तृतीयपंथी आपल्याला सगळ्यात जास्त भेटतात. डब्यात टाळी वाजते. आपण दहाची नोट काढतो, देतो आणि खिडकीबाहेर बघतो. बाळ झालं, लग्न झालं की त्यांचा आशीर्वाद चालतो. घरातून मात्र लवकर जावं असं वाटतं. आपला संबंध एवढाच. त्यांच्यापैकी कोणी आपल्या नळाचा, गटारीचा, दाखल्याचा निर्णय घेईल असा विचार आपल्या मनात येत नाही.

डिसेंबर 2020 ला राज्यात 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या. अंजली पाटील यांनी भादली बुद्रुकला महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला. 31 डिसेंबरला छाननी झाली आणि अर्ज बाद. कारण असं दिलं गेलं की त्या तृतीयपंथी आहेत आणि त्या वॉर्डात तृतीयपंथीयांसाठी जागा राखीव नाही. हे कारण नीट वाचा. तृतीयपंथीयांसाठी राखीव जागा त्या वॉर्डात नव्हती, म्हणे. मग ती होती कुठे? राज्यातल्या एकाही ग्रामपंचायतीत नव्हती. म्हणजे जे दार बांधलेलंच नाही त्या दाराने या, असं सांगणं झालं.

अर्ज मागे घ्यायची मुदत 4 जानेवारीपर्यंत होती. त्या मधे नवं वर्ष, शनिवार-रविवार. अशा वेळी बहुतेक माणसं गप्प बसतात. त्या बसल्या नाहीत. 2 जानेवारी 2021 ला, शनिवारी, न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांच्यापुढे प्रकरण आलं आणि त्याच दिवशी आदेश झाला: अर्ज स्वीकारा, महिला म्हणून लढू द्या. छाननी ते आदेश, मधे फक्त दोन दिवस. आपल्या बांधाच्या केसला किती वर्षं लागतात ते आठवा.

हा आदेश सहज झाला असं वाटू शकतं, पण वीस वर्षांपूर्वी याच प्रश्नाचा निकाल उलटा लागला होता, आणि तोही लांब कुठे नाही. आपल्या गावाला लागून जाणारा रस्ता ज्या मध्य प्रदेशात शिरतो, तिथल्या कटनी शहराने कमला जान या तृतीयपंथी उमेदवाराला महापौर म्हणून निवडून दिलं होतं. पद महिलांसाठी राखीव होतं. विरोधक कोर्टात गेले. कोर्टाने ठरवलं की कायद्याच्या नजरेत त्या पुरुष आहेत, म्हणून महिलेच्या पदावर त्यांना हक्क नाही. 2003 ला मध्य प्रदेश हायकोर्टानेही तेच कायम केलं. लोकांनी दिलेलं पद गेलं. त्याच काळात त्याच राज्यात शबनम मौसी सोहागपूरहून आमदार झाल्या होत्या आणि त्यांना कोणी काढलं नाही, कारण ती जागा महिलांची नव्हती. फरक बघा. खुल्या जागेवर तुम्ही कोण आहात हे कोणी विचारलं नाही. महिलांच्या जागेवर आल्याबरोबर कोर्टात ओळख सिद्ध करायची वेळ आली.

याच्याही मागे जायला हवं, कारण "हे सगळं आजकालचं फॅड आहे" असं म्हणणारे आपल्यात आहेत. मराठेशाहीत तृतीयपंथीयांना काही ठिकाणी जमिनी होत्या, ठरलेल्या गावांतून हक्काने मागायच्या सनदा होत्या. भीक नव्हे, हक्क. बलुतेदाराला सुगीत जसा वाटा मिळतो त्याच चालीचा. इंग्रजांचं राज्य आल्यावर मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे हक्क मोडीत काढले. मग 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्याचा पहिला भाग आपल्याला माहीत आहे, पारधी आणि इतर कितीतरी जमातींच्या कपाळी त्याने जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. दुसरा भाग फारसं कोणी वाचत नाही. तो तृतीयपंथीयांबद्दल होता. उत्तरेकडच्या प्रांतांत त्यांची नोंदवही ठेवायची, आणि नोंद असलेला माणूस बायकांचे कपडे घालून रस्त्यावर दिसला तर दोन वर्षांपर्यंत कैद. ज्या लोकांना आधी सनद होती त्यांच्या अंगावरचं लुगडंच गुन्हा ठरलं. तेव्हा फॅड कोणतं आणि जुनी रीत कोणती, हे ठरवताना आपण इंग्रजांची रीत आपली म्हणून तर धरत नाही ना, एवढं तपासावं.

2003 पासून 2021 पर्यंत मधे काय बदललं? 2009 ला निवडणूक आयोगाने मतदार नोंदणीत स्त्री-पुरुषांबरोबर 'इतर' हा पर्याय दिला. 15 एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टाने नालसा निकाल दिला, तृतीयपंथीयांना वेगळी ओळख मान्य केली आणि आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ठरवायचा अधिकार ज्याचा त्याला आहे असं सांगितलं. त्या धर्तीवर 2019 ला संसदेने कायदा केला आणि तो 2020 च्या जानेवारीत लागू झाला. भादलीच्या प्रकरणात हायकोर्टाने या दोन्हीचा आधार घेतला. निवडणूक अधिकाऱ्यापुढे असं आधीचं उदाहरण नव्हतं, हेही कोर्टाने लक्षात घेतलं. मलाही त्या अधिकाऱ्याला दोष द्यावासा वाटत नाही. त्याच्या हातात छापील फॉर्म होता.

आदेशातला एक भाग मात्र मला खटकतो. अंजली पाटील यांच्याकडून कोर्टात एक निवेदन नोंदवून घेतलं गेलं. त्यांनी स्त्री ही ओळख निवडली आहे. यापुढे आयुष्यभर त्या ती बदलणार नाहीत, संधीसाठी पुरुष म्हणवून घेणार नाहीत. पुढे कधी तृतीयपंथीयांसाठी वेगळं आरक्षण आलं तर तेवढा अपवाद. कोर्टाची अडचण समजते. उद्या कोणी पुरुषाने महिलेच्या जागेसाठी हा मार्ग काढला तर, ही भीती. माझ्या ओळखीच्या दोन बायकांनी, दोघी पंचायतीत काम केलेल्या, मला हेच विचारलं. आम्ही भांडून जागा मिळवल्या, त्या आता अशा जायच्या का?

प्रश्न रास्त आहे, टर उडवण्यासारखा नाही. पण मी त्यांना उलट विचारलं की आपल्या जागा आज कोणाकडे आहेत? महिला राखीव खुर्चीवर पुरुष बसायला तृतीयपंथी असल्याचं सोंग करावं लागत नाही. तो आपल्या पँट-शर्टात येतो, बायकोच्या खुर्चीत बसतो, ग्रामसेवकाशी बोलतो, आणि सगळे त्याला 'सरपंच' म्हणतात. त्याच्याकडून कोणी शपथ घेतली? "मी आयुष्यभर बायकोच्या सहीला हात लावणार नाही" असं कोणाचं निवेदन कुठल्या कोर्टात नोंदवलंय? संधिसाधूपणाचा धोका जिथे रोज घडतो तिथे आपण हसतो, आणि जिथे घडलेला नाही तिथे शपथ मागतो. त्या दोघींपैकी एक हसली. दुसरी अजून पटलेली नाही, आणि तिचं मत ती राखून आहे.

आता त्या नावाकडे या. अंजली गुरू संजना जान. तृतीयपंथी समाजात घरातून निघालेल्या माणसाला गुरू आसरा देते आणि तिचं नाव आईबापाच्या जागी येतं. हे नातं रक्ताचं नाही, लग्नाचंही नाही. गुरू-चेल्याच्या त्या घराण्यात सगळं गोड असतं असं कोणी समजू नये, तिथेही अधिकार आहे, वाटणी आहे, भांडणं आहेत. आपल्या एकत्र कुटुंबात असतात तशीच. पण आपल्याकडच्या निवडणुकीच्या हिशोबात ते मधलं नाव कुठेच बसत नाही. तिच्यामागे सासऱ्याची सोसायटी नाही, नवऱ्याची ठेकेदारी नाही. 'कोणाच्या घरची' या प्रश्नाला गावाला ओळखीचं असं उत्तर त्या नावात नाही.

म्हणून मला ते दोन प्रश्न शेजारी ठेवावेसे वाटतात. बाकीच्या बायकांना विचारतात, तू कोणाची? अंजली पाटील यांना विचारलं, तू बाई आहेस का? दोन्हींत उमेदवार काय करणार, तिला काय येतं, हे विचारायचं राहूनच जातं.

15 जानेवारीला मतदान झालं, 18 ला मोजणी, आणि त्या निवडून आल्या. आदेशापासून मतदानापर्यंत 13 दिवस. लोकसभेला आपण चिन्ह बघून, टीव्ही बघून मत देतो. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात तसं होत नाही. तिथे मतदार काही शेकड्यांत, प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं माहीत. कोण रात्री दवाखान्यात घेऊन गेलं, कोणी उसने दिले आणि मागितले नाहीत, कोण नळावर भांडतं. कोर्टाने फॉर्म स्वीकारायला लावला, मत द्यायला कोर्ट कोणाला लावू शकत नाही. ते भादलीच्या लोकांनी दिलं, त्यात म्हाताऱ्या असतील, पदर घेणाऱ्या सुना असतील, देवळात नेमाने जाणारे असतील. त्यांनी नालसा निकाल वाचला असेल असं मला वाटत नाही.

याआधी 2017 ला सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच केलं होतं. तीही शहरातली गोष्ट नव्हती. शिकलेली माणसं नवं आधी स्वीकारतात आणि खेडी मागून येतात, असं जे आपण गृहीत धरतो ते इथे दोनदा खोटं ठरलं आहे.

पण लगेच हुरळून जायचं कारण नाही. एका वॉर्डाने एकीला मान्य केलं म्हणजे समाजाने सगळ्यांना मान्य केलं असं होत नाही. गाव आपल्या ओळखीच्या माणसाला सामावून घेतं आणि अनोळखी तशाच माणसाला दारातून हाकलतं. हे आपण जातीच्या बाबतीत शंभर वेळा पाहिलं आहे: "तो आमचा वेगळा आहे, बाकीचे तसे नाहीत." घर भाड्याने द्यायची वेळ आली की सोनगीर काय आणि धुळं काय, सारखंच. आणि निवडून आल्यावर सभेत त्यांच्या बोलण्याला किती वजन मिळतं हा प्रश्न उरतोच. तो राखीव जागेवरच्या प्रत्येक बाईचा आहे.

कोर्टाने नोंदवलेल्या त्या निवेदनातला अपवाद, म्हणजे तृतीयपंथीयांसाठी वेगळं आरक्षण, ही पुढची गोष्ट आहे. त्या समाजातही यावर एकमत नाही. काहींना वेगळी जागा हवी, काहींना बाई म्हणून बायकांत उभं राहायचं आहे. मला वाटतं हे त्यांचं त्यांनी ठरवावं, पण खुल्या जागेवर लढायला कोणाला अडवता येत नाही हे आपण सगळ्यांनी पक्कं ध्यानात ठेवावं. भादलीनंतर तीन वर्षांनी, 2024 च्या विधानसभेला, आपल्याच खान्देशात रावेर मतदारसंघातून तृतीयपंथी हक्कांसाठी काम करणाऱ्या शमिभा पाटील वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. जागा महिलांची नव्हती, त्यामुळे बाई असल्याचा दाखला मागायचा प्रश्न आला नाही. सभा घेतल्या, मतं मागितली, लोकांना द्यायची त्यांनी दिली. त्या निवडून आल्या नाहीत. बाकीचे उमेदवार हरतात, तशाच हरल्या.